धोंड्याच्या वाणात आलेली गाडी

मित्रांनो, मला आता जुनी म्हणतात. खरं तर माझं वय फार नाही. पण आम्हा मोटारसायकलींमध्ये एकदा मालक बदलला की गाडी जुनी, मग ती काल का घेतलेली असेना. चांदोरीला एका खताच्या दुकानासमोर, शेवग्याच्या झाडाखाली मी उभी असते. माझ्या तांबड्या रंगावर शेवग्याची फुलं पडतात आणि तिथंच सुकतात. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच तुम्हाला सांगणार आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथं सगळे माझ्या वेगाबद्दल बोलत. टाकी उंच आणि फुगीर, हँडल खाली, बसणाऱ्यानं पुढे वाकून बसायचं. पुढच्या माणसाचा विचार करून करून ते इतके दमले असावेत, की मागचं माणूस अगदी शेवटी आठवलं. मागे उंचावर हातभर सीट बसवली, तीही घसरती. धरायला काही नाही. मी शोरूममध्ये आले तेव्हा काचेबाहेरून मुलं माझ्याकडे पाहत उभी राहत, पण मागच्या सीटकडे कुणी पाहत नसे.

तिच्याकडे पाहिलं ते फक्त तेजलनं.

तो अधिक महिना होता. धोंड्याचा महिना म्हणतात तो. दर तीन वर्षांनी येतो आणि त्यात लेकी-जावयाला जेवायला बोलावून जावयाला वाण देतात. कुणी चांदीचं निरांजन देतं, कुणी अंगठी. सायखेड्याच्या केरू अण्णांनी जावयाला मोटारसायकल द्यायची ठरवली. तेजल त्यांची एकुलती एक लेक. जावई महेश नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला सिडकोत. तेजल दर पंधरवड्याला निमाणीच्या स्टँडवरून एसटी पकडून माहेरी जायची. बसची वाट पाहण्यात तिचा अर्धा दिवस जातो, हे अण्णांना लागून राहिलं होतं. गाडी असली की जावयाबरोबर पोरगी मनात येईल तेव्हा येईल, एवढाच त्यांचा हिशेब. शोरूमच्या माणसाला ते सांगत होते, "पाऊण तासात पोरगी माह्या दारात पाहिजे. बाकी गाडी कोणती ते जावईबापू ठरवतील."

जावईबापूंनी मला ठरवलं. तेजलनं माझ्या मागच्या सीटवर हात ठेवून हळूच विचारलं, "अहो, यावर साडी नेसून बसायचं कसं?" महेश म्हणाला, सवय होईल. अण्णा तेव्हा माझ्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होते. त्यांना हे ऐकू गेलं नाही.

कुसाबाईंनी, म्हणजे तेजलच्या आईनं, सायखेड्याला मला ओवाळलं. माझ्या टाकीवर अनारशांचं ताट ठेवून अण्णांनी महेशच्या हातात किल्ली दिली. शेजारपाजार जमा झाला होता. अण्णा प्रत्येकाला सांगत होते, पोरीला गाडी दिली. जावयाला दिली असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी परतताना तेजल पहिल्यांदा माझ्यावर बसली. नवी पैठणी, एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर डब्याची पिशवी. गावात सगळे पाहत होते म्हणून ती हसत होती. चांदोरी चौफुलीच्या गतिरोधकावर महेशनं ब्रेक दाबला आणि ती पिशवीसकट रस्त्यावर उतरली. पडली म्हणत नाही, कारण तिनं घरीही तसं सांगितलं नाही. कोपर सोललं होतं. पैठणी गुडघ्यापाशी फाटली. महेश आधी मला कुठं ओरखडा आला का ते पाहू लागला.

साडी चाकात अडकू नये म्हणून बाजूला एक जाळी होती. महेशनं ती आठवड्याभरातच काढून टाकली. म्हणे, गाडीची शोभा जाते. दुसऱ्यांदा तेजल पंजाबी ड्रेस घालून बसली, दोन्हीकडे पाय टाकून. नाशिक ते सायखेडा ती माझ्यावर जणू झाडाच्या फांदीला धरून असल्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी तिला कंबरेतून वाकता येईना. त्या खेपेनंतर ती माझ्यावर बसली नाही.

मग तिनं एसटीनंच जावं, असं तुम्हाला वाटेल. तिलाही तसंच वाटत होतं. पण महेश म्हणे, सासऱ्यांनी गाडी दिलेली, आणि त्यांची लेक स्टँडवर उभी राहते, लोक काय म्हणतील? आपण दोघं रविवारी जाऊ. साधी रुंद सीटची गाडी घेऊ या, असं ती सुचवायची, तर तो तिच्याकडे असा पाही की जणू तिनं घर विकायला सांगितलं. आणि रविवार यायचा तेव्हा तो मित्रांबरोबर मला घेऊन सापुताऱ्याला गेलेला असायचा.

तिथं माझं किती कौतुक होई. घाटाच्या वळणावर पोरं फोटो काढत. महेश रोज संध्याकाळी मला मऊ फडक्यानं पुसायचा. गाडीला याहून जास्त काय हवं? पण पार्किंगमध्ये माझी जागा तेजलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती, आणि कुसाबाईंचा फोन संध्याकाळी त्याच वेळी यायचा. आधी तेजल म्हणायची पाहुणे येणार आहेत, मग म्हणायची सासूबाईंना बरं नाही, मग नुसतंच काम आहे म्हणायची. फोन ठेवल्यावर ती भाजी चिरायला लागे. खालून मला सुरीचा आवाज ऐकू येई. फार जोरात चिरायची.

एवढी गाडी दाराशी असून पोरगी येत नाही, याचा अर्थ सायखेड्याला एकच निघाला. पोरगी बदलली. शहरात गेली आणि आई-बापाला विसरली.

तिनं खरं का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, अण्णांनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं तेव्हाचा त्यांचा चेहरा तिनं पाहिला होता.

मागच्या पावसाळ्यानंतर कुसाबाईंचं निफाडला डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेजल दोन दिवस महेशची रजा मंजूर होईल म्हणून थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी उचलली आणि एसटी पकडली. महेशची नेमकी त्याच दिवशी सुट्टी निघाली. तो मला घेऊन निघाला आणि तिच्या आधी पोचला. अंगणात मी उभी, महेश खुर्चीवर चहा पितोय, ऑपरेशनची चौकशी करायला आलेली माणसं बसलेली, आणि स्टँडवरून तेजल पिशवी घेऊन पायी येतेय. हे सगळ्यांनी पाहिलं.

शेजारचे झुंबर आबा मोठ्यानं म्हणाले, "केरू, गाडी तू लेकीला दिली का रं? मग ही पायी का चाललीय?"

दोघं-चौघं हसले. अण्णा हसले नाहीत. ते उठले, माझ्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि लेक उंबऱ्याशी येण्याआधीच बोलले.

"नवरा गाडीवर येतो नि तू येष्टीनं. माह्या गाडीवर बसायला कमीपणा वाटतो का गं तुला? आईच्या डोळ्याचं आपरेशन होऊन तिसरा दिस झाला. नसंल यायचं तर नको येत जाऊ, पण चारचौघांत माही अशी शोभा करू नको."

तेजलनं माझ्याकडे पाहिलं. मग महेशकडे पाहिलं. तो बोलला असता तर एका वाक्यात सगळं उलगडलं असतं. तो कप ठेवून माझी साखळी ढिली झालीय का ते पाहायला वाकला.

ती आत गेली. आईच्या डोळ्यात औषध घालायला आठ दिवस राहिली असं नंतर कळलं. अण्णांशी बोलली नाही, आणि नाशिकला परतली ती पुन्हा माहेरी गेली नाही. कुसाबाईंचा फोन यायचा, पण त्याही नुसतं जेवलीस का एवढंच विचारून ठेवायच्या.

यानंतर माझे दिवस भरले, ते तेजलमुळे नव्हे. महेशची मनगटं दुखू लागली, मग मान, मग पाठ. डॉक्टरनं सांगितलं, ही वाकून चालवायची गाडी सोडा, सरळ बसायची घ्या. डॉक्टरनं सांगितलं ते शुक्रवारी. शनिवारी मी शोरूमच्या अंगणात उभी होते आणि माझ्यासमोर एक राखाडी रंगाची, साधी, रुंद सीटची गाडी होती. तिला पाहायला काचेबाहेर कुणी थांबलं नसतं. तिच्या मागच्या सीटला धरायला दांडी होती, पाय ठेवायला रुंद पट्टी होती आणि साडीसाठी जाळी होती.

विकणारा मुलगा म्हणाला, वहिनी, मागं बसून बघा. तेजल बसली. दोन्ही पाय एका बाजूला, पाठ सरळ. गोधडी चाचपावी तसा तिनं सीटवरून हात फिरवला. बराच वेळ ती उतरली नाही.

"अशीच गाडी मी पहिल्यापासून मागत होते," ती म्हणाली.

"पण तेव्हा माझी पाठ कुठं दुखत होती?" महेश हसून म्हणाला. विकणारा मुलगाही हसला.

तेजल उतरली. अण्णांना कळवायला हवं, गाडी त्यांनी दिलेली आहे, एवढं ती म्हणाली. महेश म्हणाला, त्यांना कशाला त्रास, मिळालेली वस्तू आपली असते. जाताना त्यानं माझ्या आरशाला लावलेलं गोंड्याचं तोरण काढून नव्या गाडीला बांधलं. माझ्याकडे त्यानं वळून पाहिलं नाही, तिनं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. नुसता कंटाळा होता.

जुन्या गाड्यांच्या रांगेत धूळ खात मी काही दिवस काढले. मग चांदोरीच्या शेखरनं मला घेतलं. तो खताच्या दुकानात कामाला आहे, एकटा माणूस, भरधाव जाणारा. त्याचं नि माझं बरं जमतं.

गेल्या महिन्यात चांदोरी चौफुलीवर सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला केरू अण्णा हातात पिशवी घेऊन उभे होते. शेखरनं मला थांबवून विचारलं, "बाबा, सायखेड्याला जायचं का? बसा." अण्णांनी आधी माझा नंबर वाचला. मग पुन्हा वाचला.

"ही गाडी तुह्याकडं कशी?"

शेखरनं सांगितलं, नाशिकहून घेतली, आधीच्या मालकाला पाठीचा त्रास होता म्हणे, त्यानं साधी गाडी घेतली. अण्णांनी पिशवी गळ्यात अडकवली आणि ते माझ्यावर चढायला लागले.

मित्रांनो, ज्यांनी मला विकत घेतलं ते माझ्यावर पहिल्यांदाच बसत होते. दोनदा त्यांचा पाय घसरला. बसले तर गुडघे पार पोटाशी आले. हात कुठं ठेवावा कळेना, शेवटी त्यांनी शेखरचा सदरा मुठीत धरला. शेखर नेहमीसारखा निघाला. पहिल्या गतिरोधकावर अण्णा त्याच्या पाठीवर आदळले, दुसऱ्यावर मागे जाता जाता वाचले. गोदावरीच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, "थांब लेका."

उतरून ते कठड्याला टेकले. मग जवळ येऊन त्यांनी माझी मागची सीट दाबून पाहिली, आजूबाजूला चाचपून पाहिलं, धरायला काही सापडतं का.

"बाईमाणूस कसं बसत असंल रे यावर?"

शेखर हसला. "बाईमाणूस कशाला बसंल बाबा? ही एकल्याची गाडी हाय. माही आई तर म्हणती, एक वेळ म्हशीवर बसन, पण हिच्यावर नाय."

अण्णांनी फोन काढला. कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावूनच बोलतात. कितीतरी वेळ वाजल्यावर तेजलचा आवाज आला.

"तेजू, त्या गाडीवर तू किती खेपा बसली गं?"

"दोन," ती म्हणाली.

"मंग सांगायचं नाय का पोरी?"

"कसं सांगणार अण्णा? तुम्ही गावभर सांगितलं होतं, पोरीला गाडी दिली म्हणून."

अण्णांनी तोंडावरून हात फिरवला. पुलाखाली पाणी होतं, तिकडे पाहत ते म्हणाले, "मी त्या दिशी लय बोललो तुला. आता म्हणं साधी गाडी घेतली. चांगली बसायची हाय का?"

"हो, ऐसपैस आहे."

"मंग ये ना रविवारी. आई वाट पाहती."

"ह्यांना विचारून सांगते," तेजल म्हणाली, आणि फोन बंद झाला.

शेखर म्हणाला, बसा बाबा, हळू नेतो. अण्णांनी मान हलवली. पिशवी खांद्यावर टाकून ते पायी निघाले. शेखर थोडा वेळ त्यांच्या मागून हळूहळू मला चालवत राहिला, पण ते वळून पाहीनात, तेव्हा पुढे निघाला.

मुलांच्या पुस्तकात आमची गोष्ट संपताना गाडी सांगते, मला वेळच्या वेळी तेल घाला, धुऊन-पुसून ठेवा. मला तर रोज पुसलं जात होतं. मी तुम्हाला एवढंच सांगेन. उद्या मोठे होऊन तुम्ही कुणाला काही हौसेनं द्याल, तेव्हा ज्याच्यासाठी देताय त्याला आधी त्यावर बसवून पाहा. आणि त्यानं हळू आवाजात काही म्हटलं, तर हातातलं काम सोडून ऐका.

खतं पोचवायला शेखर मला रविवारीही सायखेड्याला नेतो. अण्णांच्या घरावरूनच रस्ता आहे. माझा आवाज ऐकून कुसाबाई दाराशी येतात, डोळ्यांवर हात धरून पाहतात आणि आत जातात. राखाडी गाडी त्या अंगणात मी अजून पाहिलेली नाही.