कुर्माघरातला धनराज

बाहेर

धनराज गडचांदूरहून भाजीच्या गाडीत मागे बसून आला, तेव्हा साथीच्या भीतीनं गावाच्या वाटेवर बांबू आडवे टाकलेले होते. सिमेंट कारखान्यात तो ठेकेदाराकडे पोती भरायचा. ताप चढला तसं ठेकेदारानं हजेरीतून नाव काढून टाकलं. खासगी दवाखान्यात आधी विमा विचारला, नाही म्हटल्यावर आगाऊ रक्कम सांगितली. सरकारीत खाट नव्हती. उरलं धानोऱ्यापलीकडचं गाव, आणि तिथलं एका खोलीचं घर. त्यात म्हातारी आई, लेकरं, बायको बुधरी.

गावचे देव आणि नियम सांभाळणारा गायता कोलू बांबूपलीकडूनच म्हणाला, आत येऊ देणार नाही. मग राहायचं कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.

गावाबाहेर छप्पर एकच होतं. कुर्माघर. पाळीचे दिवस बाया तिथं काढतात. पुरुषाचा हातही त्या भिंतीला लागत नाही.

बुधरी म्हणाली, तिथंच राहील.

पुरुष तापले. देव कोपेल म्हणाले. म्हातारी रुखमा म्हणाली, "घर आमचं हाय. आमी थंडीपावसात झोपतो तिथी. तवा तुमाले देव नाई आठवला?"

कोलूनं मान डोलावली, पण अट घातली. बरा होईपर्यंत कोणी त्याच्यापाशी थांबायचं नाही. डबा मोहाच्या झाडाखाली ठेवायचा, त्यानं उठून न्यायचा.

आत

दार गुडघ्याएवढं. रांगत आलो.
भिंतीवर बायांच्या डोक्यांचे तेलकट डाग.
झाड दिसते. डबा दिसते.
उठ
उठ ना
नाई.

बाहेर

डब्याला मुंग्या लागल्या.

गावातली आशा कार्यकर्ती पुनम हिनं जाऊन त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, गोळ्या ठेवल्या. परत येऊन म्हणाली, पालथं झोपवा, पाणी पाजत राहा. दवाखान्याच्या गाडीसाठी ती फोन करत होती, पण खाट मिळाल्याशिवाय गाडी निघत नव्हती. पाजणार कोण, हे तिनं विचारलं नाही. कोलू शेजारीच उभा होता.

बुधरीनं सगळ्यांसमोर चटई गुंडाळली.

"माहे दिवस आले," म्हणाली, आणि कुर्माघराकडे चालू लागली.

या कारणाला अडवणारा नियम कोलूकडे नव्हता. बायांना ठाऊक होतं, बुधरी नुकतीच तिथून नाहून आली होती. रुखमा म्हणाली, "जा बाई. भात मी आणतो."

आत

ओला फडका. तिचा हात.
"तुले लागन ना, बुधरी."
"तोंड बांधलं मी. बोलू नको, श्वास घे."
घेतो
मग ती बाहेर, पडवीत. मधी भिंत.
ती भिंत वाजवते. मी वाजवतो.


बाहेर

बुधरीचे दिवस काही संपेनात. पुरुषांना विचारता येईना, बायांना विचारायचं नव्हतं. शेवटी कोलूनं रुखमाकडे आडून विषय काढला, की या खेपेला जरा जास्तच नाही का.

"तुले काय समजते त्यातलं?" रुखमा म्हणाली. "जाय, तेंदूपानाच्या पुड्याचं पाह्य."

भात एकीच्या नावानं जायचा, दोघांना पुरायचा. कधी या चुलीवरचा, कधी त्या.

मग एका दुपारी धनराजनं भिंत वाजवली नाही.

बुधरी आत शिरली. तो उताणा पडला होता, ओठ निळसर. तिनं सगळं अंग लावून त्याला पालथा केला. पुनम धावत आली, यंत्र बघून पुन्हा फोन करत सुटली. गाडी नव्हतीच. बुधरी त्याच्या पाठीवर तळहात ठेवून बसली. पाठ उचलली की म्हणायची, "अजून."

आत

अजून
 
अजून

कोण म्हणते, ती का मी

अजून

बाहेर

ऊन उतरल्यावर पुनमनं यंत्र पुन्हा लावलं. आकडा थोडा चढला होता. ती मातीतच बसली. बुधरीनं हात काढला नाही.

ताप गेल्यावरही बुधरी घरी जाईना. धनराज म्हणाला, जा आता, लेकरं वाट पाहून राह्यली.

"तू चालत बाहेर ये. मंग जातो."

तो रांगत दारातून निघाला, हात टेकून दम खात. बुधरीनं हात दिला नाही. पलीकडे कोलू आणि चार पुरुष उभे होते. तिकडे तिनं पाहिलंही नाही. ती धनराजच्या गुडघ्यांकडे बघत होती. एक गुडघा मातीवरून सुटला. थरथरला. मग दुसरा.