भरल्या अंड्यांची ताटली

मी एक ताटली बोलतेय. ताटली म्हटल्यावर तुमचं लक्ष उडालं ते मला दिसलं, पण जरा थांबा. कुणीही यावं आणि काहीही वाढावं अशी ऐरीगैरी ताटली मी नाही. जाड दुधी काचेची, कडेकडेने बारा खळगे असलेली, केवळ भरल्या अंड्यांसाठी जन्माला आलेली मी. माझ्यात केक ठेवलात तर तो वाकडा बसेल आणि रस्सा वाढलात तर बारा डबकी होतील.

भरली अंडी म्हणजे काय, हे आमच्या अलाबामात विचारणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. उकडलेलं अंडं मधोमध कापायचं, बलकात मेयोनेज, मोहरी आणि बारीक चिरलेलं लोणचं कालवून परत भरायचं आणि वर लाल पूड भुरभुरायची. बाकी जगात या अंड्यांना सैतानाच्या नावाने ओळखतात. टॅलो क्रीकच्या चर्चमध्ये ते नाव चालत नाही, म्हणून आम्ही नुसती भरली अंडी म्हणतो आणि सैतानाला लाज वाटेल इतकी खातो.

माझा जन्म मात्र उत्तरेतला, ओहायोच्या एका काचेच्या भट्टीतला. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. दक्षिणेची खानदानी ताटली म्हणून इतकी वर्षं मिरवल्यावर कोण सांगायला जातंय?

अर्लीन पेटसला मी तिच्या लग्नात सासूकडून मिळाले. सासूने जे जे दिलं त्यातली टिकले ती मीच, बाकीचे सगळे सल्ले होते. माझी एक कड उडालेली आहे. एका पाद्रीबाबांनी भर पंगतीत आठव्या अंड्यासाठी हात लांब केला आणि मला टेबलावरून खाली घेतलं. अर्लीनच्या नवऱ्याने, ओडेलने, ती कड कानशीने घासून गुळगुळीत केली. ओडेल गेला, पाद्रीबाबा गेले, पण ही गोष्ट गावात अजून दर वर्षी सांगितली जाते.

आमच्या गावाची एक रीत आहे. कुणाकडे मरण असो, बाळंतपण असो, छप्पर उडालेलं असो, बायका भांडं भरून घेऊन जातात. ते भांडं धुवून परत करायचं, आणि रिकामं परत करायचं नाही. दोन टोमॅटो ठेवा, मूठभर पेकानचे दाणे ठेवा, पण ठेवा. एकीने मला एकदा रिकामी परत पाठवलं होतं, तर अर्लीनने तिच्याशी बोलणंच टाकलं. मला ते फार आवडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात अर्लीन मागच्या पायरीवरून पडली आणि खुबा मोडला. इस्पितळातून तिला थेट वृद्धाश्रमात नेलं. एकदा चालता आलं की घरी जायचं, एवढाच धोशा तिने लावला होता. तिचा मुलगा हार्लन स्वयंपाकघरात उभा राहून तिच्याशी फोनवर बोलत होता ते मी ऐकलं.

"हो ममा, सगळं जिथल्या तिथे आहे. ताटली ना? ही काय, समोर दिसतेय."

दिसणारच. तो मला वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

घर विकायला काढलं होतं, आणि त्याआधी त्याची बायको रोंडा हिने अंगणात सामानाची विक्री मांडली. मी एका खोक्यात तळाशी होते. दिसत काही नव्हतं, पण चर्चमधल्या एकूण एक बायकांचे आवाज मला पाठ आहेत. "बिचारी अर्लीन," असं एक म्हणायची, नाक ओढायची, आणि लगेच, "रोंडा, हे केवढ्याला दिलं गं?" दिवसभर हेच चाललं होतं. अर्लीनला कळवू नका हं, असं रोंडा प्रत्येकीला सांगत होती आणि प्रत्येकीला ते पटत होतं.

संध्याकाळी मला खोक्यातून बाहेर काढलं ते किर्स्टनने. ही बाई मिनेसोटाची. नवऱ्याची मोटारीच्या कारखान्यात बदली झाली म्हणून इकडे आली आणि आल्या दिवसापासून तिने दक्षिणेचा शोध लावायला सुरुवात केली. फोनवर तिचं एक पान होतं. आज कुठे काय खाल्लं, कुठल्या जुन्या सामानात काय घबाड मिळालं, हे ती तिथे जगाला सांगायची. जगाला दुसरा उद्योग नसावा, कारण हजारो लोक ते वाचायचे.

पहिल्या दिवशी मी तिचं 'घबाड' होते. मग तिच्या लक्षात आलं की आजीची वस्तू म्हटलं की लोक जास्त हळहळतात. आठवड्याभरात मी तिच्या आजीची झाले. मिनेसोटाच्या त्या आजीने जन्मात अंड्यात मोहरी घातली नसेल. पण मेलेल्या माणसाला कोण विचारायला जातो?

मला काखोटीला मारून ती गावभर हिंडली. ड्यूईचं हॉटेलही तिने असंच शोधून काढलं. पन्नास वर्षं अख्खा तालुका तिथे दुपारचं जेवतो. मांसाचा एक पदार्थ आणि तीन भाज्या असा तिथला बेत असतो, आणि चीज घातलेली मॅकरोनी आमच्याकडे भाज्यांत मोडते. किर्स्टनने मांस नको म्हणून नुसत्या भाज्या घेतल्या, मला शेजारी ठेवून फोटो काढला आणि घास घेऊन डोळे मिटले.

"किती सात्त्विक! शेंगांना ही चव कशी येते हो?"

"डुकराच्या चरबीने येते, बाई," ड्यूई म्हणाला.

"पण मी तर निव्वळ शाकाहारी म्हणून लिहिलंय."

"लिहा की. डुक्कर आयुष्यभर शाकाहारीच होतं."

ते वाचून बर्मिंगहॅमहून शाकाहारी मंडळींच्या गाड्या यायला लागल्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बसायला खुर्ची उरली नाही. ड्यूईची बायको नेलविना त्या दिवशी आमच्या टेबलापाशी आली होती. तिने माझी उडालेली कड पाहिली, मग किर्स्टनकडे पाहिलं. "आजीची का? गुणाची गं बाई ती," एवढंच म्हणाली. आमच्याकडे कुणी हे इतक्या गोडीने म्हटलं की समजावं, तुमचा निकाल लागलेला आहे. किर्स्टनने तेही आनंदाने लिहून घेतलं.

मग माहेरपणाचा रविवार आला. वर्षातून एकदा, गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी चर्चला परत येतात आणि उपासना झाली की बाहेर ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडून सगळे जेवतात. या टेबलावर अर्लीनची अंडी ठेवून मी कितीतरी रविवार गाजवले होते. या खेपेला किर्स्टनने मला आणलं. माझ्यात अंडी होती, पण हिरवी. बलकात तिने ॲव्होकॅडो कालवला होता. शेवाळ चढल्यासारखं वाटत होतं मला.

"आगळीच आहेत हो," नेलविना म्हणाली. "आणि ही कड कशाने उडाली?"

"आजीच्या लग्नात," किर्स्टन म्हणाली.

"असं होय." सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

इतक्यात रोंडा धावत आली. तोंड उतरलं होतं. "झाकून ठेवा ती ताटली. हार्लन ममांना घेऊन येतोय. मी म्हटलं होतं नको, पण त्या ऐकेनात. आज घरीही चक्कर मारायची म्हणतायत."

हसू मावळलं. कुणीतरी माझ्यावर फडकं टाकलं. त्या फडक्याच्या कडेखालून मला टेबल दिसत होतं, आणि मग मी नीट पाहिलं. नेलविनाचं केळ्यांचं पुडिंग ज्या निळ्या पट्ट्याच्या भांड्यात होतं ते अर्लीनचं. पलीकडचा केक उंच पायाच्या ज्या तबकावर बसला होता ते अर्लीनचं. मॅकरोनीचं तपकिरी पसरट भांडं, चहाचा काचेचा जग, लोणच्याच्या वाट्या, सगळं अर्लीनचं. जन्मभर एका फळीवर शेजारी बसलेलो आम्ही, वेगवेगळ्या घरांतून येऊन पुन्हा एका टेबलावर भेटत होतो. सगळ्याजणी आपापल्या भांड्याकडे बघायला लागल्या आणि मग दुसरीच्या. एका फडक्यात झाकण्याजोगं ते नव्हतंच.

अर्लीन चाकाच्या खुर्चीत बसून आली. खांदे खूप उतरले होते, पण ओठांना लाली लावलेली होती. हार्लन खुर्ची ढकलत होता.

"सावकाश घे," ती म्हणाली.

टेबलाच्या एका टोकापासून ती निघाली. केकच्या तबकापाशी जरा थांबली, जगाच्या मुठीवर बोट फिरवलं. निळ्या पट्ट्याच्या भांड्याशी आली तेव्हा नेलविना समोरच उभी होती.

"पुडिंग छान दिसतंय, नेलविना."

"थँक यू, मिस अर्लीन."

"भांडं जड आहे ना ते? मला तर शेवटी शेवटी उचलवत नव्हतं."

नेलविना खाली वाकून गवतात काहीतरी पडल्यासारखं शोधायला लागली. अर्लीन पुढे आली आणि माझ्यावरचं फडकं तिने स्वतःच उचललं. अंड्यांकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. पण हात न बघता सरळ माझ्या उडालेल्या कडेवर गेला आणि अंगठा त्या जागी बरोबर बसला. मला रडता येत नाही, नाहीतर त्या वेळी रडले असते.

"ही कुणाची गं, पोरी?"

किर्स्टनने तोंड उघडलं. आजी ओठावर आलीच होती. मग तिने तो अंगठा पाहिला.

"तुमची आहे," ती म्हणाली. "मी विक्रीत घेतली. आजीची म्हणून उगाच सांगत होते. लोकांना आवडतं म्हणून."

तिथे वीसजणी तरी होत्या, आणि एकीच्याही घशातून "आणि हे माझ्याकडचं" एवढं निघालं नाही. अर्लीनने मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"फोनवर म्हणालास समोर दिसतेय. दिसत होती?"

"हो, ममा."

"म्हणजे तेवढं तरी खरं बोललास." तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. "आता घरी नको नेऊस मला. बघायचं ते सगळं इथेच आलंय."

रोंडा रडायला लागली. अर्लीनने तिला रुमाल दिला आणि सगळ्यांना म्हणाली, "बसा, जेवा. किती वर्षं म्हणत होते, एकदा सगळ्यांना घरी जेवायला बोलवीन. आज तुम्ही माझ्याच घरी जेवताय. भांडी तेवढी आणून द्या म्हणजे झालं. रीत तुम्हाला माहीत आहे."

यावर घास घशाखाली उतरू नये. पण आमच्या लोकांना शरम वाटली की भूक जास्त लागते. पुडिंगचं भांडं चाटूनपुसून लख्ख झालं आणि नेलविनाच्या गाडीत बसून तिच्या घरी गेलं.

किर्स्टन मला घेऊन वृद्धाश्रमात आली ती त्याच आठवड्यात. रीत तिला कुणी सांगितली नव्हती. दारातच म्हणाली, "रिकामी आणायला बरं वाटेना." या बाईने दक्षिणेत येऊन खरोखर शोधून काढलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तिचा फोटो तिने काढला नाही. अंडी हिरवीच होती. अर्लीनने एक खाल्लं, मग दुसरं घेतलं.

"मोहरी कमी आहे."

"पुढच्या वेळी घालीन, मिस अर्लीन."

"पुढच्या वेळी हिरवं काही घालू नकोस. आणि आजी तुला नसेल तर माझं नाव सांग. मी अजून जिवंत आहे."

सध्या माझा मुक्काम तिच्या खिडकीत असतो. अंडी आली की अंडी, एरवी माझ्या खळग्यांत गोळ्या असतात. डावीकडे सकाळच्या, उजवीकडे संध्याकाळच्या. एका खळग्यात घराची किल्ली आहे. घर विकलं गेलं, कुलूप बदललं. अर्लीनला ते माहीत आहे. तरी किल्ली ती तिथेच ठेवते आणि मी ती सांभाळते.

बाकीच्या भांड्यांबद्दल गावाचं असं ठरलंय की तिची खोली लहान, उगाच अडचण होईल, तिच्या भल्यासाठीच राहू दे आपल्याकडे. हे सगळं प्रार्थनेला जमल्यावर ठरतं. अर्लीन मात्र रोज सकाळी माझ्या शेजारची खिडकीतली जागा ओल्या फडक्याने पुसते. निळ्या पट्ट्याचं भांडं बसेल एवढी जागा तिने मोकळी ठेवली आहे.

तेव्हा टॅलो क्रीकच्या बायांनो, मला हात असते तर तुम्हाला जोडले असते. ती जागा रोज पुसली जातेय तोवर या. भांडं धुवून आणा, भरून आणा. पुडिंग जमलं नाही तर दोन टोमॅटो आणा. आणि नेलविना, तू सगळ्यात शेवटी येशील हे मला ठाऊक आहे. गुणाची गं बाई तू.