सासूबाईंच्या अंगात आलं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा देऊळघाटात मी वेडी म्हणून नावाजले होते. हे नाव मी काही कष्टानं कमावलं नव्हतं. पोरगी झाली, सव्वा महिना सरला आणि एका सकाळी मी बाजेवरून उठलेच नाही. ताप नव्हता, हातपाय धड होते. समोर चूल दिसायची, पण तिथवर जायचं म्हणजे पायी चिखलीला जाण्यासारखं वाटायचं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. आत काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला फार भीती वाटायची.

गावाला मात्र उद्योग मिळाला. कोणी म्हणे विहिरीवरचं लागलं, कोणी म्हणे बाळंतपणात वारं शिरलं. ताईत झाले, लिंबं उतरवून झाली, मिरच्यांची धुरी झाली. धुरीनं भूत काही गेलं नाही, आमची शेळी तेवढी दावं तोडून पळाली. मला पळता येत नव्हतं म्हणून मी राहिले.

माझे सासरे अर्जुनराव, म्हणजे मामंजी, वांग्याचा मळा करायचे. माणूस वाईट नव्हता. पण कीड लागलेलं रोप उपटून दुसरं लावायची हाताला सवय, तीच त्यांनी घरातही चालवली.

"सोमवारी कोकिळेच्या बापाले बोलावलं," एकदा जेवताना ते म्हणाले. "तो घेऊन जाईन तिले, पोरीसगट. बीबी गावची एक पोरगी पाहून ठेवली म्या गुलाबसाठी."

कोकिळा म्हणजे मी, आणि ज्यांच्यासाठी दुसरी पाहिली होती ते आमचे हे. हे तिथंच होते आणि मान खाली घालून भाकरीचा पापुद्रा सोलत होते. बापापुढं यांची वाचा नेहमीच बसायची. मला खरं तर राग यायला हवा होता. तोही आला नाही, इतकी मी आजारी होते.

दाराआडून सासूबाई, सुभद्राबाई, हळूच बोलल्या, "म्या म्हंते, एखाद्या खेपी बुलढाण्याले न्यावं का? नागपूरचा नवा डॉक्टर आला म्हंतेत. शेजारच्या पुष्पाबाईची भाची त्याच्याच गोळ्यायनं उठून बसली."

"वेड्यायच्या डॉक्टराकडं? मंग गावात कोन्तं तोंड दाखवू मी? तू भाकर थाप."

सासूबाईंनी भाकर थापली. नवऱ्याशी त्या दाराआडूनच बोलायच्या. मामंजींचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यातच काय ते घेतलं असेल.

शुक्रवारी आमच्याकडे रेणुकामायची आरती असायची. आळीतल्या बायका आल्या, मामंजी टोपी सावरून पुढं उभे राहिले, मी कोपऱ्यात बाजेवर पडलेली. कापूर पेटला आणि सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की पुष्पाबाईच्या हातातली घंटा पडली. केस सुटले, कपाळभर कुंकू फासलं गेलं, आणि बाई घुमायला लागली. आमच्या घरात याआधी कोणाच्या अंगात कधी आलं नव्हतं.

"अर्जुन्या!" देवी गरजली.

 मामंजींनी आधी मागं वळून पाहिलं, दुसरा कोणी अर्जुन्या आहे का म्हणून. नव्हता. मग त्यांनी पटकन हात जोडले.

"काय चुकलं, माय?"

"माह्या लेकरावर मिरच्या जाळतं का बे तू? तिले बुलढाण्याले घेऊन जाय. डॉक्टरले दाखव."

"पन माय," मामंजी चाचरत म्हणाले, "देवी कधी डॉक्टराकडं धाडते काय?"

"मीच तं त्याले नागपूरहून धाडला! मंग कोनं धाडला?"

 पुष्पाबाईनं संधी साधून लोटांगण घातलं. "माय, माही म्हैस कधी गाभन राहीन वं?"

"पुष्पे, म्हशीचं मागून पाहू. मधात बोलू नको." देवी पुन्हा मामंजींकडे वळली. "अन् बीबीचा रस्ता धरला तं तंगडं मोडीन. तुही चिलीम फेकून दे. अन् ह्या सुभद्रीलेही संग ने बुलढाण्याले. दारातूनच बोलते बिचारी."

घुमता घुमता देवीचा पाय ताकाच्या गाडग्याकडे गेला. आता फुटतंय, असं वाटलं. पण देवीनं पायाच्या बोटांनी ते गाडगं अलगद भिंतीकडे सरकवलं आणि मग जोरात घुमायला लागली.

हे फक्त मी पाहिलं, कारण बाकी सगळे पायाशी वाकले होते. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि ते कुठं लपवावं हेच कळेना. मी गोधडी तोंडावर ओढली. बायका म्हणाल्या, पाहा, देवीपुढं भूत कसं थरथर कापून राह्यलं!

सोमवारी माझ्या बापाला चहा पाजून परत पाठवलं आणि आम्ही मोटारीनं बुलढाण्याला गेलो. डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. त्यांनी मला झोपेचं, भुकेचं, पोरीचं विचारलं. मी मांडीवरच्या पोरीच्या टोपड्याकडे बघत राहिले. मामंजी आणि हे दाराशी उभे. हसू आलं म्हणजे मी बरी झाले होते असं नाही. डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला आणि माझ्याऐवजी बाकावरून सासूबाई बोलायला लागल्या.

"पहाटे जाग येते, साहेब. अन् उजाडूच नये वाटते. घास तोंडात फिरते. लेकरू रडते, तं वाटते दुसऱ्याच्या घरी रडून राह्यलं. त्याले घ्यावं कळते, हात उचलत नाही. मंग आपनच आपल्याले शिव्या द्या. विहिरीवर गेलं का खाली पाहत राहावं वाटते."

अगदी तसंच होतं. विहिरीचं तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"हे सुनेनं सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. हे माहं हाये. ह्या गुलाबच्या येळचं."

आमचे हे एकदम आईकडे बघायला लागले.

"मग तुम्हाला कशानं बरं वाटलं?"

"बरं वाटलं, असं कोनं म्हनलं तुमाले?" सासूबाई म्हणाल्या. "कामाले लागली मी, बस."

मामंजी दारातून आत आले. टोपी त्यांच्या हातात होती. त्यांनी आजवर कधी न काढलेल्या आवाजात विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं तू?"

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिल्यांदाच, पूर्ण शुद्धीत, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"तवा मले देवी आनता येत नव्हती."

डॉक्टरांना काही समजलं नाही, पण ते लिहायचे थांबले. मामंजींना समजलं. त्यांनी माझ्या मांडीवरून पोरगी उचलली आणि सगळ्या दवाखान्यादेखत बायकोशेजारी बाकावर जाऊन बसले.