मेलेल्या राजाचे पाय

मी एक जुनी पायपेटी आहे, मित्रांनो. मला चाकं आहेत, म्हणून एका जागी राहवत नाही. रंगमंच जरा उताराचा असला, की मी नाटक सोडून निघते.

बीडच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं, पण कामाला लावलं ते गहिनीनाथने. त्याची नाटक कंपनी म्हणजे तो आणि त्याची बायको सत्यभामा. ती पडदा आणि कपडे बघायची, पेटी तिला येत नव्हती. त्यामुळे अभिनय तोच करायचा, गायचा तोच आणि मला वाजवायचाही तोच. एकदा चोर आणि फौजदार दोन्ही तोच होता. स्वतःचा पाठलाग करत तो माझ्याभोवती पळत राहिला, शेवटी दोघंही दमले. मलाही कामं मिळत. मी चूल झाले, कोर्टातला कठडा झाले, माजलगावला तर म्हैस झाले. म्हशीचं फार कौतुक झालं.

अडचण एकच होती. शेवटच्या अंकात राजा मरायचा आणि लगेच दुःखाची धून लागायची. वाजवणार कोण? मेलेला राजाच! तो माझ्यावर कोसळायचा आणि शालीखालून पट्ट्या दाबायचा. भात्यात हवा भरायला खालच्या फळ्यांवर पाय मात्र खाली-वर हलवावेच लागायचे.

“अय राजा, मेल्यावर पाय कावून हालायलेत बे?” लोक ओरडायचे, शिट्ट्या मारायचे.

सत्यभामाला याची लाज वाटायची. यंदा तिने बटण दाबलं की आपोआप वाजणारा कॅसिओ आणला.

“नारायणगडच्या जत्रंत तुमी नीट मरा,” ती नवऱ्याला म्हणाली. “नीट जमलं, की ही पेटी पाशाभाईला देऊन टाकू.”

पाशाभाई म्हणजे माझा भाता शिवणारा मिस्त्री. स्कूटरच्या सीटचं रेक्झिन लावून त्यानेच मला वाचवलं होतं. आता त्याने खिशातून टेप काढून माझी रुंदी मोजली.

“लाकूड लई भारी हाय, वहिनी. कूलर ठेवायला मस्त स्टँड व्हईल.”

गहिनीनाथ नुसता माझ्या पट्ट्या पुसत राहिला. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

जत्रेत मी नुसतं दरबारातलं मेज होते. राजा माझ्यावर कोसळला. विंगेत सत्यभामाने बटण दाबलं. धून सुबक वाजली. राजाचे पाय माझ्या फळ्यांवर होते, पण थंड. मंडपात चिडीचूप.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली छबुबाई उठली. ती दरवर्षी यायची.

“अगं बया, पाय हालंनात! गहिनी खरंच गेला!”

एकच गोंधळ उडाला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. दोघं तर बाज घेऊन आले. सत्यभामा धावत मंचावर आली.

“अहो! ऐकायलाव का? उठा की!”

गहिनीनाथ हलला नाही. नीट मरायला तिनेच सांगितलं होतं.

“अहो, पाया पडते,” ती रडायला लागली, “हालवा की पाय!”

मग फळी खाली गेली. भाता भरला. मी अशी ओरडले, की कॅसिओ ऐकूच येईना. मंडपाने शिट्ट्या मारल्या. छबुबाईने डोळे पुसले.

“आता कसा नीट मेला!”

मंडपात आलेल्या पाशाभाईने हातातली टेप गुपचूप खिशात घातली.

“वहिनी, भाता कधी शिवायला घेऊ?”

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल, तर त्यावर कूलर ठेवू नका. अधूनमधून त्यात हवा भरा. आणि माझ्या चाकाखाली तेवढी वीट लावा. इथे उतार आहे, बोलता बोलता मी निघालेसुद्धा.