गुलाबसिंगचं जस्त

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावर आपल्याला विचारल्याशिवाय कुणी कोंबडीसुद्धा विकत घेत नाही, असं गुलाबसिंग राठोडचं म्हणणं होतं. तांडा कोंबडी न विचारता घेई आणि मग ती कशी फसवी निघाली, ते तासभर त्याच्या तोंडून ऐकून घेई.

भादव्यात तो गोठ्यासाठी पत्रे आणायला आखाडा बाळापूरला गेला. दुकानदारानं पत्र्यावर टिचकी मारून सांगितलं, "काका, ह्याच्यावर जस्ताचा मुलामा हाय. झिजलं तं जस्त झिजते, लोखंडाले गंज धरत न्हाई." पुढं कृषी केंद्रात हळदीची पानं पिवळी पडली म्हणून सांगितलं, तर झिंकची पिशवी मिळाली. मेडिकलात गुडघ्याचं रडगाणं गायलं, तर तिथंही झिंकच्याच कॅप्सूलची चकचकीत डबी पुढं आली. झिंक म्हणजे जस्तच, हे कळल्यावर त्याचे डोळेच उघडले. सकाळी पत्रे आणायला गेलेला माणूस संध्याकाळी शास्त्रज्ञ होऊन परतला.

मग तांड्याला उसंत राहिली नाही. पितळेच्या हंड्यात जस्त, ब्याटरीच्या सेलला जस्त, लेकराच्या मांडीला लावायच्या पांढऱ्या मलमातही जस्त. डबीवर रोज एक कॅप्सूल लिहिलेली असताना तो चार गिळत होता.

"येवढ्या काहून खाऊन राहिले?" बायकोनं, अनुसयाबाईनं विचारलं.

"एक लिवतेत ते शहरातल्या नाजूक लोकाईसाठी," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याच्या दोन वर्षांच्या नातीला हगवण लागली. दिवसभरात लेकरू सुकून गेलं. तांड्याची आशाताई दिपा मीठ-साखरेची पुडकी आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. गुलाबसिंगच्या सुनेला, संगिताला, तिनं समजावून सांगितलं, की पुडकं पाण्यात कालवून घोटघोट पाजायचं आणि रोज एक गोळी चमच्याभर पाण्यात विरघळवून द्यायची, चौदा दिवस.

गुलाबसिंगनं पट्टी दोन बोटांत धरून उजेडाकडं पाहिली. "कितीची?"

"फुकट हाय, काका."

"मंग खडूच असंल."

"खडू न्हाई. झिंक हाय. जस्त."

आठ दिवस तांड्याला जस्त शिकवणाऱ्या माणसानं पट्टी बाजेवर टाकली. मग म्हणाला, "सरकारी जस्त आन् बाजारातलं जस्त एक राहते का? पोरीले असलं काही द्यायचं न्हाई."

दिपानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं नुसतं संगिताकडं पाहिलं, आणि संगितानं पट्टी पदराला बांधली.

तिसऱ्या दिवशी नात अंगणात कोंबड्यांमागं धावू लागली. "जीव चिवट हाय आमच्या घराण्याचा," गुलाबसिंग म्हणाला.

त्याच दुपारी पिकाला झिंक का लागतं, हे सांगायला कृषीचे साहेब तांड्यावर येणार होते. साहेबांच्या आधी आपण चार शब्द बोलू, असं गुलाबसिंगनं परस्पर ठरवलं. आवाज खणखणीत निघावा म्हणून उपाशीपोटी रोजच्या चारांवर दोन जादा कॅप्सूल गिळल्या. लाल फेटा बांधून तो उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, "भावांनो, जस्त म्हंजे ताकद." ग्रामसेवकानं मोबाइलवर फोटो काढला. पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आधी पोटातलं सगळं बाहेर पडलं. निम्मं साहेबांच्या बुटावर.

त्याला उचलून सावलीत नेलं. दिपा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "काका, किती खाल्ल्या?"

"सहा," तो कण्हला.

"इतकं झिंक पोटाले सोसत न्हाई. डबी बंद करा आजपासून. मळमळ थांबली न्हाई तं दवाखान्यात जाऊ."

"कॅप्सूल डुप्लिकेट हायेत," तो म्हणाला आणि पुन्हा तांब्यावर वाकला.

संध्याकाळी बाजेवर पडल्या पडल्या त्याला चुलीपाशी संगिता दिसली. ती चमच्यात गोळी विरघळवत होती. त्यानं विचारलं, "पोरगी तं खेळून राहिली. आता काहून?"

"चौदा दिस द्यायच्या हायेत, मामा. बरं वाटलं म्हून मधीच सोडायचं न्हाई." चमचा नातीच्या तोंडाला लावून ती पुढं म्हणाली, "तुमी डबीवरचं वाचत न्हाई. आमी वाचतो."

इतक्या वर्षांत सुनेनं त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. अनुसयाबाई चुलीत तोंड घालून उगीच फुंकर मारत राहिली. गुलाबसिंगनं भिंतीकडं कूस वळवली.

ग्रामसेवकानं काढलेला फोटो मात्र ग्रुपवर गेला, ग्रुपवरून तालुक्याला गेला. फोटोत उलटी नव्हती. फेटा होता, वर केलेला हात होता. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पुकारा झाला, जस्ताविषयी जनजागृती केल्याबद्दल श्री. गुलाबसिंग राठोड यांना प्रशस्तिपत्र. टाळ्या पडल्या. प्रशस्तिपत्र आणि नारळ ठेवलेलं ताट घेऊन दिपा उभी होती, कारण ताट धरायला आशाताईलाच सांगितलेलं असतं.

गुलाबसिंगची आणि तिची नजरानजर झाली. एवढं तरी म्हणावं, की हे हिचं आहे, असं त्याला खरोखर वाटलं. तोंडही उघडलं.

तेवढ्यात ग्रामसेवक म्हणाला, "काका, इकडं पहा."

गुलाबसिंगनं फेटा नीट केला. "दिपा, ताट जरा बाजूला घे, पोरी," तो म्हणाला, "फोटोत येऊन राहिलं."