वळणावरचा रस्ता

भरलेला ट्रक हळूच पुढे सरकला आणि चाकाखाली दबलेला रस्ता केसभर वर आला. पंडित उकिडवा बसून यंत्राच्या तबकडीवरचा काटा पाहत होता. काटा हवा त्याहून बराच पुढे स्थिरावला तसे त्याने ओठ आवळले. पारोळ्याच्या अलीकडचा हा रस्ता, वळणावरचे खड्डे सोडले तर, वरून धड दिसत होता. नुसत्या बारीक भेगा. पण खाली काळी माती होती. भेगांतून पाणी उतरणार, माती फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. आणि त्यापुढच्या पावसाळ्यात सगळंच खचणार. धुळ्याच्या बांधकाम कार्यालयात हे असं आधीच सांगणं, एवढंच त्याचं काम होतं.

यंदा पैसे एकाच ठिकाणापुरते होते. हा रस्ता, नाहीतर पुढचा फाट्याजवळचा. दोन्हींची गत उन्नीस-बीस. कोणता धरायचा, ते साहेबांनी पंडितवर सोडलं होतं.

वळणावर मंजुळाबाईचं चहाचं दुकान होतं. खड्ड्यांमुळे ट्रक तिथे रांगायला लागत आणि थांबलोच आहोत तर घोटभर घेऊ म्हणून ड्रायव्हर उतरत. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चाललं होतं.

"काय म्हणस यंत्र, भाऊ?" कपबशी पुढे ठेवत तिने विचारलं.

पंडितने चहा बशीत ओतला, पण उचलला नाही.

"रस्ता खचणार, मावशी. पण मी फाट्याजवळचं आधी करा म्हणून लिहितोय. इथलं गुळगुळीत झालं, तर तुमच्याकडे थांबणार कोण?"

मंजुळाबाईने फडकं खांद्यावर टाकलं आणि ती समोरच्या बाकावर बसली. गिऱ्हाइकासमोर ती कधी बसत नसे.

"मना पोऱ्या छगन घेवरचंद शेठनी गाडी चालाडस. मांगली साल आठेच, या खड्डामा, गाडीना पाटा तुटना. कापूसनी भरेल गाडी पलटी व्हता व्हता वाचनी." तिने पदराने तोंड पुसलं. "पाऊस लागना की माले झोप नही. तुम्ही आठलाच रस्ता लिखी टाका."

"आणि दुकान?"

"दुकाननं मी देखी लिसू."

बशीतला चहा निवला होता. तो त्याने तसाच संपवला.

दिवाळीनंतर तो पुन्हा त्या वाटेने आला तेव्हा नवा डांबरी रस्ता वळणावरून गुळगुळीत, काळाभोर निघून गेला होता. दुकानाची बाकं रिकामी होती. बरणीत थोडीच बिस्किटं होती. मंजुळाबाईने त्याला पाहून चूल फुंकली, आधण ठेवलं.

इतक्यात धुळ्याकडून ट्रक आला. वेग कमी न करता त्याने दोनदा हॉर्न दिला आणि वळण घेतलं.

"छगन," ती म्हणाली.

"थांबत नाही?"

"कसाले थांबी? जळगावले येळवर पोची जावो."

ट्रकचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत चहाचा डबा तिच्या हातात तसाच राहिला. मग तिने आधणात पत्ती टाकली.