शिंगांच्या रंगाची जीप

गॅरेजवाल्या देवसिंगनं स्क्रू-ड्रायव्हर जीपच्या दारावर टेकवला आणि तो आरपार गेला. जोर लावलाच नव्हता. मग त्यानं सीटखाली टेकवला, तर पत्र्याचा हातभर पापुद्रा गळून पडला आणि जीपच्या बुडातून गॅरेजची जमीन दिसायला लागली. विमलताईंनी डोक्याला हात लावला. गुरुवारी पासिंग होतं. जीपला पंधरा वर्षं पुरी झालेली. यवतमाळला नेऊन आरटीओच्या साहेबांना दाखवायची, ते पास म्हणाले तर आणखी पाच वर्षं, नाही म्हणाले तर भंगार.

आणि जीप भंगारात गेली की विमलताईंचं कामही गेलं. त्या लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या. भाताचे मोठाले गंज, कढया, झारे, शेगडी आणि हाताखालच्या चार बाया, सगळा संसार या जीपमधून आर्णीपासून ढाणकीपर्यंत फिरायचा. तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा तारखा त्यांनी केव्हाच कबूल करून ठेवल्या होत्या. आता त्या तारखांचं काय लोणचं घालायचं?

एवढा जंग लागला कसा, असं देवसिंगनं विचारलं. उत्तर समोरच खुर्चीत बसून चहा पीत होतं. बबनराव. विमलताईंचे यजमान.

बैल होते तोवर एक वेळ ठीक होतं. पोळ्याला शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला रंग हा माणूस जीपला फासायचा. घासणं नाही, पुसणं नाही, सरळ जंगावरच हात फिरवायचा. सात वर्षांमागं बैल विकले, शेत ट्रॅक्टरनं व्हायला लागलं, तेव्हा विमलताईंना वाटलं, चला, सुटलो. कुठलं काय! आता अख्खा डबाच जीपसाठी यायला लागला. एका साली गुलाबी, एका साली पोपटी, त्याच्यावर पुन्हा जांभळा. लग्नघरी गाडी पोचली की मांडवातली माणसं तोंडाला रुमाल लावून हसायची, आणि विमलताईंना खाली मान घालून गंज उतरवावे लागायचे.

बरं, रंगावर भागलं असतं तर! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. जू बसतं तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, त्याला हळद-लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. हा माणूस ते सगळं जीपला करायचा. उजव्या चाकाच्या वरून हात घालून चेसिसच्या जाड लोखंडाला लोणी चोळायचा आणि भर रस्त्यात म्हणायचा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अर्धं गाव पाहायला यायचं. लोणी मात्र विमलताईंचं जायचं.

देवसिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की रंगानं जंग थांबत नाही, उलट पाणी आत कोंडतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. विमलताईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की चहाही गार व्हावा. पण देवसिंगचं बोलणं संपलं नव्हतं. दारं रंगानं गेली हे खरं, तो म्हणाला, बुडाला मात्र मीठ लागलंय. कढी, वरण, आंबट असं काही सांडतं का गाडीत?

सांडत कशाला, खरकटे गंज जीपमध्येच खंगाळायची सवय खुद्द विमलताईंची होती.  बबनरावांनाही ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते देवसिंगला सांगितलं नाही, आणि याचाच विमलताईंना जास्त राग आला.

नवं बूड आणि दारं बुधवारपर्यंत होतील, असा देवसिंगचा हिशेब होता. फक्त आधी चेसिस नंबर पाहावा लागेल. लोखंडावर ठोकलेला तो नंबर साहेब स्वतः तपासतात, पेन्सिल घासून कागदावर त्याची छाप घेतात. बॉडी कितीही नवी बसवता येते, नंबर जंगानं खाल्ला असेल तर गाडी कोणाची हे कसं सांगणार? तो बॅटरी पेटवून जीपखाली शिरला. चेसिसवरच्या जंगाचे पापडासारखे तुकडे खाली पडत होते, आणि विमलताई मनातल्या मनात ठरवत होत्या की ढाणकीच्या लग्नघरी नाही म्हणून फोन कोणत्या तोंडानं करायचा.

त्यांना राहवलं नाही. "तुमी या जीपले बैल समजले," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी कामाची गाडी समजत होती. आता दोघायचीबी गेली."

बबनरावांनी कप खाली ठेवला. "पोळ्याच्या दिवशी दाराशी काहीतरी उभं पाह्यजे ना, विमल," ते म्हणाले. "रिकाम्या गोठ्यापुढं कोणाले ओवाळू मी?"

 सात वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं, आणि निघालं तेही गॅरेजात, परक्यासमोर. विमलताईंना त्याचाही संताप आला.

तेवढ्यात देवसिंगनं खालून रॉकेलची चिंधी मागितली. उजव्या चाकाजवळ कसलासा कडक पिवळा-काळा थर आहे म्हणाला, वास तुपाचा येतोय. त्यानं तो खरवडला, पुसला आणि थोड्या वेळानं तेलकट हातात एक कागद घेऊन बाहेर आला. कागदावर पेन्सिलीची छाप होती. एकूण एक अक्षर, एकूण एक आकडा स्वच्छ.

"काकू, साऱ्या गाडीत एवढीच वीतभर जागा वाचली," तो म्हणाला. "इथी लोणी कोण लावत होतं, काकाजीच ना?"

बबनराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते नुसते त्या कागदाकडं पाहत राहिले, आणि विमलताईंना कळून चुकलं की ही गोष्ट आता त्यांना जन्मभर, प्रत्येक मांडवात, प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकावी लागणार आहे.

त्यांनी देवसिंगला काम सुरू करायला सांगितलं. नवं बूड, नवी दारं आणि रंग एकच, पांढरा. मग नवऱ्याकडं वळल्या.

"पोळ्याले रंगाचा डबा आणला तर घरात घेणार नाही," त्यांनी बजावलं. बबनरावांनी मान हलवली. विमलताईंनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, "लोणी मी काढून ठेवत जाईन."